काम चोख असूनही घरमालक नाराज राहतात: हाताखालच्या कारागिराला समानुभूती शिकवता येते का?

जोडतार (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी गेली एकवीस वर्षे घरगुती वायरिंगची आणि दुरुस्तीची कामे करतो. सध्या माझ्या हाताखाली दोन तरुण वायरमन आहेत आणि हा प्रश्न त्यांपैकी एकाविषयी आहे. त्याच्या हाताला फार चांगले वळण आहे. त्याने भरलेला बोर्ड उघडला तर तारा एका ओळीत वळवलेल्या दिसतात, प्रत्येक तारेच्या टोकाला लग दाबलेला असतो आणि एकही स्क्रू पुन्हा आवळावा लागत नाही. असे असूनही ज्या घरांत तो एकटा जाऊन आला, त्यांपैकी अनेक घरांतून पुढच्या वेळी फोन येतो तेव्हा "या खेपेस दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का?" असे मला विचारले जाते. काम बिघडले, असे आजवर एकानेही म्हटलेले नाही.

कारण कळावे म्हणून मागच्या महिन्यात मी त्याच्याबरोबर एका घरी गेलो. तिथे एक वयस्कर बाई एकट्या राहतात आणि रात्री ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडून सगळे घर अंधारात जाते, अशी त्यांची तक्रार होती. त्या सांगू लागल्या, "अहो, परवा रात्री तर मी भिंत धरून धरून बोर्डापर्यंत आले, आणि बाहेर एवढा पाऊस, की..." एवढे होईपर्यंत माझ्या हाताखालच्या या मुलाने "हं, बघतो" म्हणून बोर्डाचे झाकण काढायला घेतले होते. बाईंचे वाक्य अर्धेच राहिले. त्याने मेगर, म्हणजे तारांचे इन्सुलेशन मोजण्याचे यंत्र, लावून प्रत्येक सर्किट तपासले, ईएलसीबीचे चाचणीचे बटण दाबून पाहिले आणि अर्ध्या तासाने सांगितले, "दोष काही नाही. पुन्हा झाले तर कळवा." त्याच्या मोजमापात चूक नव्हती.

मी बाईंना विनंती केली की मघाचे बोलणे पुरे करा. तेव्हा कळले की पाऊस लागला म्हणजे त्या फाटकाजवळचा दिवा रात्रभर लावून ठेवतात, कारण तिथली पायरी निसरडी होते, आणि वीज जाते ती नेहमी त्यानंतरच. तो दिवा उघडला तर काचेखालच्या रबरी पट्टीला चीर पडलेली होती आणि आत पाण्याचे सुकलेले ओघळ दिसत होते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तफावत पडली की ईएलसीबी पडते. घरगुती वापरासाठी ही मर्यादा बहुधा ३० मिलिअँपिअर असते. दिव्यात पाणी शिरल्यावर तेवढा प्रवाह जमिनीकडे वळायला कितीसा वेळ लागणार? पण कोरड्या दुपारी, तेही दिव्याचे बटण बंद असताना, तोच दोष मेगरला दिसणे शक्य नव्हते. परतताना मुलगा मला म्हणाला, "हे त्यांनी आधीच सांगायला हवे होते." त्या आधीच सांगत होत्या.

समोरचा माणूस कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखणे, ज्याला समानुभूती म्हणतात, ते माणसाच्या स्वभावातच असावे लागते की शिकवता येते? शिकवता येत असेल तर नेमके काय शिकवायचे? त्याने गोड बोलावे, हसून नमस्कार करावा, एवढीच माझी अपेक्षा असती तर मी हा प्रश्न विचारला नसता. गोड बोलून वाईट काम करणारे पुष्कळ पाहिले आहेत, आणि याचे चांगले काम त्यांच्या रांगेत जाऊन बसावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

पाणसळ

मी नळकाम करतो. तुमच्या त्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याविषयीच आधी लिहितो, कारण माझ्या कामातही दोष सापडतो तो बहुतेक वेळा अशाच वाक्याच्या शेवटी.

भिंतीवरच्या ओलीचे उदाहरण घ्या. ओल रात्रंदिवस सारखीच वाढत असेल तर दाबाखालच्या पाण्याच्या लाइनवर संशय घ्यावा लागतो. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी गडद होत असेल तर नहाणी ट्रॅप (जाळीखालचे पाणी वाहून नेणारे भांडे), सांडपाण्याची लाइन किंवा लाद्यांचे सांधे तपासावे लागतात. पाऊस पडून गेल्यावर दिसत असेल तर बाहेरच्या भिंतीला भेग शोधावी लागते. आणि फक्त थंडीच्या दिवसांत सकाळी दिसत असेल तर पुष्कळदा ती गळतीच नसते, खोलीतली वाफ गार भिंतीवर येऊन बसलेली असते. यांपैकी एकही गोष्ट मला नुसते भिंतीकडे पाहून कळत नाही. ती त्या घरात रोज वावरणाऱ्या माणसाला माहीत असते, आणि ती महत्त्वाची आहे हे मात्र त्याला माहीत नसते. म्हणून "गळती कुठे आहे?" असे न विचारता मी "ही ओल तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसली आणि त्या दिवशी घरात काय चालले होते?" असे विचारतो. ज्याला तुम्ही समानुभूती म्हणता, ती माझ्या दृष्टीने मेगरइतकीच कामाची वस्तू आहे. तिच्याशिवाय निम्मी मोजणी होतच नाही.

एका घरातला प्रसंग सांगतो. माझ्याआधी तीन वेळा तिथल्या नहाणीतल्या लाद्या फोडून झाल्या होत्या आणि ओल होती तिथेच होती. मी पिशवीतून हातोडी बाहेर काढली, तेव्हा घरातल्या ताई एक अक्षरही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त लहान मुलाला उचलून आत नेले आणि दार लोटून घेतले. ते पाहून मी हातोडी परत पिशवीत ठेवली आणि दाराबाहेरूनच सांगितले, "ताई, आज काही फोडायचे नाही. आज नुसते पाहू या." मग घरातले सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून आम्ही दोघे पाण्याच्या मीटरपाशी उभे राहिलो. अर्धा तास काटा जागचा हलला नाही, म्हणजे दाबाची लाइन शाबूत होती. नंतर नहाणीच्या ट्रॅपमध्ये रंग कालवलेले पाणी सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या भिंतीवर तोच रंग उतरलेला ताईंनी स्वतः पाहिला. शेवटी ट्रॅपभोवतीची एकच लादी काढावी लागली. ती काढताना ताई शेजारी उभ्या होत्या, कारण आपण काय फोडतो आहोत आणि का, हे त्यांना आता माझ्याइतकेच ठाऊक होते.

आता शिकवण्याविषयी. तुमचा मुलगा उद्धट असेल, असे मला वाटत नाही. आपल्याला जे दिसते ते समोरच्यालाही दिसत असणार, असे कुशल माणसाला मनापासून वाटते आणि अडचण तिथेच सुरू होते. एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक साधा प्रयोग केला होता. काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितले आणि दुसऱ्यांनी तो ऐकून गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांचा अंदाज असा होता की निम्मी गाणी तरी सहज ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी तीनच ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सबंध चाल घुमत असते. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. आपण "मेन वाल्व बंद करून ठेवा" असे जाता जाता सांगतो, तेव्हा घरमालकाला तीच टकटक ऐकू येते. वाल्व कुठे आहे, तो कोणत्या बाजूला फिरवायचा आणि जोर लावला तर तुटेल का, यांतले त्याला काहीच माहीत नसते आणि विचारायचा संकोच वाटतो. म्हणून मी वाल्ववर चिठ्ठी बांधतो आणि निघण्यापूर्वी घरातल्या माणसाकडून तो एकदा बंद करून पुन्हा उघडून घेतो.

मुलांना "समोरच्याला समजून घे" असे कितीही सांगितले तरी त्यातून त्यांच्या हाताला काहीच लागत नाही. माझ्याकडे नियम एवढाच आहे की पिशवी दाराशी ठेवायची आणि घरमालकाचे बोलणे संपेपर्यंत तिची चेन उघडायची नाही. सुरुवातीला त्यांना ते फार जड गेले, कारण हात रिकामा ठेवून उभे राहणे कारागिराला जमत नाही. पण हात रिकामे असले म्हणजे कान आपोआप कामाला लागतात.

उंबरठा

मी कारागीर नाही. मी घर सांभाळते आणि दाराच्या दुसऱ्या बाजूने काय दिसते, ते लिहावेसे वाटले.

माझे वडील शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते आणि त्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला होता. हे यंत्र विजेवर चालते. वीज गेली की सिलिंडर जोडेपर्यंतचा प्रत्येक क्षण मोजावा लागतो. त्या काळात आमच्याकडे विजेचे काम दोनदा निघाले. पहिल्या वेळी आलेल्या माणसाने आत येताच मेन पाडला. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण चालू लाइनवर हात घालू नये हे मलाही कळते, पण आतल्या खोलीत यंत्राची सूचना वाजू लागली आणि मी धावले. तो मागून मोठ्याने म्हणाला, "पाच मिनिटांचे तर काम आहे!" दुसऱ्या वेळी आलेले गृहस्थ वयाने मोठे होते. त्यांनी बोर्डाला हात लावण्यापूर्वी विचारले, "घरात असे काही आहे का, की जे बंद पडून चालणार नाही?" मी सांगितल्यावर ते आत येऊन बाबांना भेटले, सिलिंडर जोडून होईपर्यंत थांबले आणि मग मला विचारून मेन पाडला. दोघांचेही काम चांगले झाले असावे. त्यातले मला कळत नाही. परंतु पुढची सगळी कामे आम्ही कोणाला दिली, हे सांगण्याची गरज नाही. हा एक प्रश्न आपल्या मुलांना पाठ करायला लावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण एखाद्या घरात ऑक्सिजन असेल, एखाद्या घरात फ्रिजमध्ये ठेवलेले इन्सुलिन असेल, आणि हे कोणत्याही बोर्डावर लिहिलेले नसते.

दुसरी गोष्ट लाजेची आहे. कारागीर आल्याबरोबर "हे कोणी केले?" असे विचारतो, तेव्हा त्याला बहुधा आधीच्या मिस्त्रीची चूक दाखवायची असते, पण आम्हाला तो आमच्यावरचा ठपका वाटतो. एकदा आमचे स्वयंपाकघरातले सिंक तुंबले होते आणि मी नळी मोकळी करण्याचे तीव्र रसायन दोनदा ओतले होते. प्लंबरने आल्या आल्या "तुम्ही लोक काहीही टाकता" अशी सुरुवात केली आणि मी गप्प बसले. ट्रॅप उघडताच ते साठलेले पाणी त्याच्या मनगटावर सांडले आणि कातडी भाजली. मी लगेच नळाखाली हात धरायला लावला, बराच वेळ पाणी सोडले, पण ती चूक माझी होती हे मी आजही विसरू शकत नाही. त्याने शांतपणे "आतापर्यंत काय काय करून पाहिले?" एवढे विचारले असते तर मी पहिल्याच वाक्यात सांगितले असते. घरमालकाला न खजील करता बोलते करणे हे कारागिराच्या स्वतःच्या अंगाला जपण्यासाठीसुद्धा आवश्यक आहे, हे मी त्या दिवशी शिकले.

वाट पाहण्याविषयीही थोडे लिहिते. "दुपारनंतर येतो" असे सांगून माणूस संध्याकाळी आला तर काम कितीही सुबक झाले तरी मन आधीच विटलेले असते. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली रांगेत थांबणाऱ्यांच्या मानसिकतेवर लिहिताना असे मांडले होते की किती वेळ थांबायचे हे ठाऊक नसले किंवा उशिराचे कारण कळले नाही, तर तोच वेळ जास्त लांब वाटतो. माझा अनुभव अगदी तोच आहे. दोन तास उशीर होणार असल्याचा फोन आला तर मी त्या दोन तासांत दहा कामे उरकते. फोन आला नाही तर दाराकडे कान लावून बसते, आंघोळीलाही जात नाही. कामाच्या गडबडीत हा फोन कारागिराला क्षुल्लक वाटत असेल, पण माझा अख्खा दिवस त्याच्यावर अवलंबून असतो.

ओळंबा

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. मी गवंडीकाम करतो आणि समोरच्याच्या अडचणीने विरघळून मी एकदा मोठी चूक केली आहे.

एका कुटुंबाच्या घरात एकच न्हाणीघर होते. मी तिथे वॉटरप्रूफिंग आणि नवीन लाद्यांचे काम घेतले. घरात आजारी आई, दोन शाळकरी मुले आणि आंघोळीसाठी दुसऱ्यांच्या घरी जाण्याचा संकोच, हे सगळे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. चौथ्या दिवशी घरमालकाने हात जोडून विचारले, "उद्यापासून वापरायला दिले तर नाही का चालणार?" मला नाही म्हणवले नाही. सिमेंट नुसते सुकून पक्के होत नाही. पाण्याशी त्याचा संयोग होत राहतो आणि त्यातून ते हळूहळू बळ धरते. म्हणून ते निदान सात दिवस ओले ठेवावे लागते आणि त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. वॉटरप्रूफिंगच्या थरावर पाणी कोंडून ते निदान २४ तास तसेच ठेवायचे आणि खालून ओल येते का ते पाहायचे, ही चाचणीसुद्धा मी घाईत उरकली. वर्षाच्या आत कोपऱ्यातल्या लाद्या पोकळ वाजू लागल्या आणि खालच्या छताला डाग पडला. त्याच कुटुंबाला तोच त्रास मी दुसऱ्यांदा दिला. माझ्या खर्चाने मी सगळे पुन्हा करून दिले, पण त्या आईंना पुन्हा एकदा दुसऱ्याच्या घरी आंघोळीला जावे लागले, त्याची भरपाई मला करता आली नाही.

तेव्हापासून मी कीव आणि समानुभूती यांत फरक करतो. मला त्यांची कीव आली आणि मी माझ्या कामाचा नियम सोडला. त्यांची अडचण खरोखर समजून घेतली असती तर ती पहिल्याच दिवशी विचारली असती, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी मागच्या बाजूला पडदा लावून तात्पुरती मोरी करून देता आली असती, किंवा आई काही दिवस नातेवाइकांकडे जाणार असतील तेव्हाच काम काढता आले असते. चौथ्या दिवशी माझ्यापुढे हो किंवा नाही एवढेच उरले, याचे कारण पहिल्या दिवशी मी फक्त लांबी-रुंदी मोजली. विजेच्या कामात तर हे आणखी कडकपणे पाळावे लागत असेल. घरमालक कितीही काकुळतीला आला तरी अर्थिंगवाचून गिझर चालू करून देता येणार नाही, आणि ते नाही म्हणताना त्याची थंड पाण्याची अडचण आपल्याला कळते आहे, हे त्याला दिसले पाहिजे.

आणखी एक बाजू आहे. उंबरठा ताईंनी घरमालकाच्या मनातले फार मोकळेपणाने लिहिले, म्हणून मीही लिहितो. दिवसभर धुळीत काम करणाऱ्याला हात धुवायला जागा, प्यायला पाणी आणि शौचालय वापरण्याची परवानगी मागावी लागू नये. ती मागताना आम्हालाही तीच लाज वाटते. ज्या घरात पहिल्या दिवशी कोणी आपण होऊन "हात तिथे धुवा" असे सांगते, त्या घरात माझ्या माणसांना झाकपाक करा, करवत लावताना पाणी धरा, धूळ उडू देऊ नका, असे फार वेळा सांगावे लागत नाही.

रंधा

सुतारकामातली एकच गोष्ट जोडतो. पावसाळी हवेत दार अडकू लागले की घरमालक म्हणतो, "थोडे रंधून द्या." लाकूड दमट हवेत फुगते ते मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे तेव्हा रंधून दिलेल्या पल्ल्याला कोरड्या दिवसांत फट पडते. पूर्वी मी हे सांगून निघून यायचो आणि लोक नाराज व्हायचे. आता मी आधी विचारतो की दार अडकल्याने अडते कोणाचे. एका घरात उत्तर मिळाले की आजोबांना संधिवात आहे, त्यांना दार ओढता येत नाही आणि रात्री ते आत अडकून पडतात. मग मी रंधा लावलाच नाही. बिजागऱ्या आवळल्या, वरच्या बिजागरीमागे खाच थोडी खोल केली, गोल मुठीच्या जागी कोपराने दाबता येईल असा लांब दांड्याचा हँडल बसवला आणि तो किती उंचीवर हवा हे टेपने न ठरवता आजोबांनाच दारापाशी उभे करून ठरवले. जिथे त्यांचा हात सहज पोहोचला, तिथे पेन्सिलीची खूण केली. ती खूण नेहमीच्या मापापेक्षा बरीच खाली आली.

जोडतार, तुमच्या मुलाला अशी एक खूण करायला लावा. हुशार हाताच्या माणसाला शब्दांपेक्षा खूण लवकर समजते.

जोडतार (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी त्या मुलाला वाचायला दिली आणि तीन आठवडे थांबून हे लिहीत आहे.

पिशवीची चेन न उघडण्याचा नियम लगेच लागू केला. "बंद पडून चालणार नाही असे घरात काही आहे का?" हा प्रश्नही आता दोघेही मेन पाडण्यापूर्वी विचारतात. पहिल्याच आठवड्यात एका घरी उत्तर मिळाले की आतल्या खोलीत तान्हे बाळ वाफ देण्याच्या यंत्रावर आहे आणि अजून दहा मिनिटे लागतील. मुलगा दहा मिनिटे थांबला. त्या दहा मिनिटांत त्याला घरातल्या बाईंकडून कळले की एका खोलीतला पंखा लावला की दिवा किंचित मंदावतो. त्याविषयी तक्रार करण्याचे त्यांच्या मनातही नव्हते, पण बोर्ड उघडला तेव्हा सैल झालेल्या न्यूट्रलचे टोक काळे पडलेले सापडले.

रंधा यांनी सुचवलेल्या खुणेचा मी थोडा वेगळा उपयोग केला. फाटकाच्या दिव्याची दुरुस्ती झाली तरी त्या एकट्या बाईंची अंधाराची भीती तशीच असेल, हे माझ्या लक्षात आले होते, पण ते मी त्याला सांगितले नाही. त्याऐवजी त्याला म्हटले की आज रात्री झोपताना आपल्या घरचा मेन पाड, तासाभराने ऊठ आणि कोणताही दिवा न लावता बोर्डापर्यंत जाऊन तो वर कर. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, तो आधी काहीच बोलला नाही. दुपारी तारा ओढताना म्हणाला, "माझ्या घरात जिना नाही, तरी मला चार मिनिटे लागली." त्याच संध्याकाळी तो स्वतःहून बाईंकडे गेला, त्यांना पलंगापासून बोर्डापर्यंत चालायला सांगितले, त्या जिथे जिथे भिंतीला हात टेकतात तिथे पेन्सिलीने खुणा केल्या आणि वीज गेली की आपोआप लागणारे दोन बॅटरीचे दिवे त्या खुणांच्या वर बसवून आला.

ओळंबा यांचा इशाराही कामी आला. एका घरमालकाने ईएलसीबी सतत पडते म्हणून ती काढून सरळ जोडणी करून द्या, असा फार आग्रह धरला, कारण त्यांच्या घरून चालणारे काम त्यामुळे बंद पडत होते. मुलाने नकार दिला, परंतु नुसता नकार देऊन तो उठला नाही. त्यांच्या कामाच्या टेबलासाठी त्याने स्वतंत्र ईएलसीबी टाकून ते सर्किट वेगळे केले आणि उरलेल्या घरातला दोष शोधायला दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

वेळेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. प्रत्येक घरी दहा-पंधरा मिनिटे वाढली आहेत आणि दिवसाकाठी एक घर कमी होते. मी तूर्त ते मान्य केले आहे, कारण पुन्हा त्याच दोषासाठी मारायच्या फेऱ्या या तीन आठवड्यांत कमी झालेल्या दिसतात. वर्षभराने हिशेब कसा दिसतो ते तेव्हा लिहीन.

काल रात्री मोठा पाऊस झाला. आज सकाळी मी त्याला बाईंना फोन करून विचारायला सांगितले. फाटकाचा दिवा रात्रभर लागला होता आणि ईएलसीबी पडली नाही, एवढे पहिल्या मिनिटातच कळले. फोन मात्र त्याने लगेच ठेवला नाही. पलीकडून त्या काय सांगत होत्या ते मला ऐकू येत नव्हते. तो खिडकीशी उभा राहून मधून मधून "हो, सांगा ना काकू" एवढेच म्हणत होता.